मोठा आकडा, बारीक अक्षर

घरी वर्कशॉप थाटायचं एकदा मनात आलं की माणसाला जगात दोनच वस्तू दिसू लागतात: वेल्डिंग मशीन आणि एअर कॉम्प्रेसर. पक्कड, हातोडी, बाक, घरातल्यांची संमती वगैरे किरकोळ सामान मागाहून जमवता येईल, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मग दुकानात एका मशीनवर तळहाताएवढ्या अक्षरांत '२५०' दिसतं आणि शेजारच्या मशीनवर '३००'. दोन्हींचं वजन तेच, पंखा तोच, केबल तेवढीच बारीक. मग हे वरचे पन्नास अँपिअर आले कुठून? माझ्या मते छापखान्यातून.

दर्शनी बाजूचा मोठा आकडा गिऱ्हाइकासाठी असतो. मशीनला स्वतःबद्दल जे म्हणायचं असतं ते मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथे 'ड्यूटी सायकल' शोधायची. हा हिशेब दहा मिनिटांचा. '१६० अँपिअर, ६० टक्के' म्हणजे सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं मशीन नुसता पंखा फिरवत बसणार. '१६० अँपिअर, २० टक्के' म्हणजे दोन मिनिटं काम आणि आठ मिनिटं आराम, तेही हक्कानं. हे मोजमाप ४० अंश तापमानाला धरायचा रिवाज आहे, पण काही पाट्या २० अंशांना मोजून छापतात. पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यानं ते तापमानही वाचावं. आणि पाटीवर ड्यूटी सायकलच नसेल तर ती पाटी नव्हे, शुभेच्छापत्र समजावं.

तरीही टक्केवारीच्या मागे वेडं होण्याचं कारण नाही. घरकामात एक रॉड (लेप चढवलेली, जळत जाणारी वेल्डिंगची सळई) मिनिटभरात जळतो. मग स्लॅग, म्हणजे टाक्यावरची कडक पोपडी, ठोकायचा, ब्रश मारायचा, नवा रॉड लावायचा, कोन बिघडला की काय ते पाहायचं आणि तो बिघडलेलाच असतो. आपली स्वतःची ड्यूटी सायकल क्वचितच ३० टक्क्यांच्या वर जाते. म्हणून ज्या अँपिअरवर रोज काम करणार त्या अँपिअरला ३५ टक्के मिळाले की पुरे. ते ३५ टक्के मात्र खरे हवेत.

आता मुख्य अडचण. मशीन विकत घेण्याआधी भिंतीला विचारावं लागतं. रॉड वेल्डिंगमध्ये आर्कचा (रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या अखंड ठिणगीचा) व्होल्टेज २० अधिक अँपिअरचा ०.०४ पट, असा ठरलेला हिशेब आहे. १०० अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधली सुमारे १५ टक्के घट धरली की २.८. साधा इन्व्हर्टर वेल्डर (हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन, दिवे गेल्यावरचा इन्व्हर्टर नव्हे) लाइनमधून करंट शांतपणे घेत नाही, हिसके देत ओढतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला येणारा भाग, ०.७ च्या आसपास राहतो. २३० व्होल्टवर हे सगळं मिळून सुमारे १७ अँपिअर होतात. घरातलं सगळ्यांत दणकट सॉकेट असतं १६ चं. १६० अँपिअरवर वेल्डिंग करायचं म्हटलं तर लाइन ३१ अँपिअरपर्यंत जाते, आणि ते सॉकेट आधी गरम, मग पिवळं आणि शेवटी मऊ होतं.

थोडक्यात, १६ च्या सॉकेटवर तुमच्याकडे ३०० लिहिलेलं मशीन असो की १४० लिहिलेलं, खरे वापरता येणारे अँपिअर ९० च्या आसपासच. त्यात २.५ मिलिमीटरचा रॉड सुखानं चालतो (त्याची भूक ६० ते ९०), आणि दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपला तेवढा पुरतो. ३.१५ चा रॉड ९० ते १३० मागतो. त्यासाठी बोर्डापासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी हवा. वायर ४ चौरस मिलिमीटरची की ६ ची, हे अंतर पाहून इलेक्ट्रिशियनला ठरवू द्या.

एक्स्टेन्शन बोर्ड हा तर या विषयातला खलनायक. एक चौरस मिलिमीटरच्या वायरची २० मीटर गुंडाळी; जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, रोध सुमारे ०.७ ओहम. २० अँपिअर ओढले की १४ व्होल्ट वाटेतच खर्च आणि जवळजवळ ३०० वॅट उष्णता. वायर मोकळी सोडली तर ती उष्णता हवेत जाते. गुंडाळी न सोडताच वापरली तर आतले वेढे एकमेकांना शेकत वितळतात आणि पुढच्या वेळी ती वायर उलगडतच नाही. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की घट सहा व्होल्टवर येते.

मग रॉड की मिग, म्हणजे गनमधून वायर आपोआप पुढे सरकत राहणारं वेल्डिंग? व्हिडिओत मिगचा टाका रांगोळीच्या रेघेसारखा पडतो, म्हणून सगळ्यांना मिग हवं असतं. व्हिडिओत गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बंद केलेला पंखा दिसत नाही. मिनिटाला १०-१५ लिटर गॅस टाक्यावर पांघरूण घालत असतो. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली की ते पांघरूण उडतं आणि टाक्यात स्पंजासारखी भोकं राहतात. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा, गाडीची बॉडी, असलं काम नेहमीचं असेल तर ०.८ मिलिमीटरच्या वायरचं मिग घ्यावं. स्टँड, रॅक, फाटक, बाक करायचे असतील तर रॉड. त्याला वाऱ्याचं वावडं नाही आणि थोडासा गंजही तो मनाला लावून घेत नाही.

बिनगॅसची फ्लक्सवाली वायर हा मधला मार्ग आहे, पण तिची ध्रुवता उलटी. गॅसच्या भरीव वायरला गन धन लागते, बिनगॅसच्या फ्लक्स वायरला ऋण. मशीनच्या आत दोन नट सोडून टोकं बदलायची असतात. ते न करता सुरुवात केली की ठिणग्यांचा असा सडा पडतो की माणूस मशीनला शिव्या देऊ लागतो. रोलरही बदलावा लागतो: भरीव वायरला गुळगुळीत खाच, फ्लक्स वायरला दातेरी. गुळगुळीत रोलर फार आवळला तर आतून पोकळ असलेली ती वायर चपटी होते, टिपमध्ये अडकते आणि झाकण उघडल्यावर आत वायरचं घरटं सापडतं.

'तीन कामं एकात' लिहिलेल्या मशीनमधलं तिसरं काम टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकानं केलेलं वेल्डिंग. ते बहुतेक वेळा फक्त डीसी असतं, म्हणजे त्यावर ॲल्युमिनियम जोडता येणार नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरची ऑक्साइडची साय २००० च्या वर. ती फोडायला एसी लागतो. दुकानात हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

नवशिक्यानं ६०१३ चा रॉड घ्यावा. पहिले दोन अंक ताकदीचे, ६० हजार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तिसरा १ म्हणजे कुठल्याही स्थितीत चालतो, चौथा लेपाचा. ७०१८ जास्त नावाजलेला आहे, पण तो कोरडा ठेवावा लागतो, आर्क पेटवायला मशीनकडून जास्त व्होल्टेज मागतो, आणि घरच्या मांडणीला त्याच्या ताकदीचा उपयोगही नसतो. रॉड चिकटत असेल तर आधी अर्थिंगचा क्लॅम्प पाहा. रंगावर चिकटवलेला क्लॅम्प हा निम्म्या 'मशीन खराब आहे' तक्रारींचा बाप. रुपयाएवढी जागा ग्राइंडरनं चकचकीत करून तिथे क्लॅम्प लावायचा. तो ग्राइंडर मात्र मशीनच्या तोंडाजवळ चालवायचा नाही. पंखा लोखंडाची पूड आत ओढतो, ती आतल्या सर्किट बोर्डावर बसते आणि एके दिवशी मशीन स्वतःलाच वेल्ड करून घेतं.

वेल्डिंगच्या मुखवट्याची काच ८० ते १६० अँपिअरला १० किंवा ११ शेडची (शेड म्हणजे काळेपणाचा क्रमांक). 'एकच टाका आहे' म्हणून डोळे मिटून मारलेल्या टाक्याचं बिल काही तासांनी, साधारण झोपेच्या वेळी येतं: डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, तोही मास्क लावून मोकळ्या हवेत. त्याच्या धुरानं ताप येतो.

आता कॉम्प्रेसर. इथे मोठा आकडा दोन वेषांत येतो, हॉर्सपॉवर आणि टाकीचे लिटर. दोन्ही दुय्यम. विचारायचं ते एवढंच: सहा-सात बार दाबाला मिनिटाला किती लिटर हवा प्रत्यक्ष बाहेर देतो? पाटीवर बहुधा 'डिस्प्लेसमेंट' असतं, म्हणजे पिस्टन किती हवा गिळतो. बाहेर येते तिचा साठ-सत्तर टक्केच भाग. एक सीएफएम (मिनिटाला एक घनफूट) म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, एका हॉर्सपॉवरला तीन-चार सीएफएम मिळाले तर कॉम्प्रेसर सज्जन म्हणायचा.

मग हत्यारांची भूक. खिळे मारायची गन एका सीएफएमच्या आत जेवते. अर्ध्या इंची इम्पॅक्ट रेंच चार-पाच, पण अधूनमधून. सँडरला आठ ते बारा, तेही अखंड. मोठी स्प्रे गन आठ ते चौदा. सँडब्लास्टिंगचा विचार घरी बोलूनही दाखवू नये.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो, 'टाकी मोठी घेऊ'. करू हिशेब. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ वर येईपर्यंत १०० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा देते. सँडर मिनिटाला ३०० लिटर खातो, कॉम्प्रेसर १२० बनवतो, तूट १८० ची. १०० भागिले १८०, म्हणजे ३३ सेकंद. टाकी दुप्पट केली तर ६६. त्यानंतर सँडर हळूहळू मालिश करू लागतो आणि तुम्ही कॉम्प्रेसरकडे पाहत उभे. टाकी हवा साठवते, बनवत नाही. घरच्या दोन हॉर्सपॉवरवर सँडर विजेचाच वापरावा, हे माझं ठाम मत. हवेवर खिळे, नट, टायर, धूळ झटकणं आणि छोटी स्प्रे गन.

बिनतेलाचा, मोटरला थेट जोडलेला कॉम्प्रेसर मिनिटाला २८०० फेऱ्यांनी किंचाळतो; शेजारधर्म सांभाळायचा असेल तर बेल्टवाला. तो निम्म्याहून कमी वेगानं फिरतो, म्हणून आवाजही कमी आणि आयुष्यही जास्त. मात्र त्यात कॉम्प्रेसरचंच तेल घालायचं, इंजिनचं उरलेलं नाही. रंगकाम करणार असाल तर फिल्टर हवाच. तेलाचा एक थेंब हवेत आला की ओल्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

बंद होताना कॉम्प्रेसर 'फुस्स' करतो तो दोष नव्हे. पिस्टनवरचा दाब सोडून तो पुढच्या वेळी हलकं सुरू होण्याची सोय करतो. ते फुस्स झालं नाही तर मोटर पुढच्या वेळी गुरगुरते, हलत नाही आणि एमसीबी पडतो. आणि फुस्स थांबलंच नाही तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा मागे येऊ न देणारी झडप) गळतोय. एरवीही मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट घेते, म्हणून वेल्डर आणि कॉम्प्रेसर एका लाइनवर नांदवू नयेत. टाका मारताना मध्येच टाकीचा दाब उतरतो, मोटर दचकून उठते, आर्क विझतो आणि घरात अंधार होतो.

पाणी मात्र कोणाच्याच यादीत नसतं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या एका घनमीटरमध्ये २४ ग्रॅम पाणी असतं. ८ बारला दाबून गार केल्यावर त्यातलं वीसेक ग्रॅम टाकीच्या तळाशी. मिनिटाला १२० लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर तासभर चालला की सुमारे दीडशे मिलिलिटर. ड्रेन कॉक रोज उघडायचा. तो टाकीच्या बुडाशी असतो, म्हणून कोणी उघडत नाही, म्हणून टाकी आतून गंजते आणि एक दिवस घामासारखा थेंब बाहेर येतो. त्या क्षणी घरात वेल्डिंग मशीन असतं, हा खरा धोका. टाकीवर टाका मारायचा नाही. गंजानं भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालाय. टाका बसेल आणि शेजारून टाकी फाटेल. टाकी भंगारात. त्याच कारणानं हवेची लाइन पीव्हीसी पाइपची नको. तो फुटला की चिंध्या नाही, काचांसारखे तुकडे उडतात.

दुकानात जाताना दोन गोष्टी न्याव्यात. मोबाइलमधलं स्टॉपवॉच: कॉम्प्रेसर ६ बारवरून ८ वर किती सेकंदांत चढतो ते मोजा. ५० लिटरच्या टाकीला ५० सेकंद लागले तर मिनिटाला १२० लिटर, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. दुसरी वस्तू क्लॅम्प मीटर, वेल्डरच्या केबलभोवती धरून टाका चालू असताना खरे अँपिअर वाचायला. तो डीसी मोजणारा हवा. साधा एसी मीटर नेलात तर तो जेमतेम शून्याजवळ रेंगाळेल आणि दुकानदार हसेल. तेवढ्या एका बाबतीत त्याचं बरोबर असेल.