"भाकर चांगली झाली," एवढंच म्हणाले ते

मागच्या हंगामात ऐन वेचणीत न्हाणीत पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. कपाशीची पऱ्हाटी पांढरीफटक फुटलेली, वेचायला बाया मिळेनात, किलोला दहा रुपये देतो म्हटलं तरी त्या दुसऱ्या गावच्या गाडीत बसून जायच्या. आणि मी हात गळ्यात बांधून ओट्यावर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. सुनेनं चुलीवर भाकरी टाकल्या, सोले-वांग्याची भाजी केली. आमचे हे जेवायला बसले. भाकरीचा पापुद्रा बोटानं उचलला, वाफ निघाली, त्यात भाजी घेऊन पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "भाकर चांगली झाली वं पोरी."

बस, एवढंच. आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 27 वर्षं, मी या घरात भाकरी थापते आहे. ज्वारीचं पीठ कोणत्या दिवशी किती पाणी मागतं हे मला परातीत हात घातल्याबरोबर कळतं. या सगळ्या वर्षांत भाकर चांगली झाली असं मला कोणी म्हटल्याचं आठवत नाही, आणि मी त्याची वाटही पाहिली नव्हती. माझं वेगळंच होतं. मी नसले तर हे घर एक दिवस चालायचं नाही, यावर माझी सगळी भिस्त होती. "मी हाय म्हणून" हे माझं पालुपद. ताप असला तरी वेचायला जायची, 60 किलो कापूस ओटीत जमा करून संध्याकाळी परत चुलीपाशी बसायची, आणि कोणी "राहू दे" म्हटलं की जास्तच जोरानं करायची.

आणि मी बसले तरी घर चाललं. पाणी भरलं गेलं. ढोरांना कुटार पडलं. कापूस थोडा उशिरा का होईना घरात आला. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला रडू आलं. सुनेला वाटलं हात ठणकतो आहे, तिनं गोळी आणि पाणी आणून दिलं. मी गोळी घेतली. तिला काय सांगणार होते?

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे, म्हणून आज लिहायला बसले. अहंकार म्हटला की आपल्याला फाट्यावरचं वाढदिवसाचं फ्लेक्स दिसतं, गॉगल लावलेला कोणीतरी दिसतो, नाहीतर सभेत खुर्ची मिळाली नाही म्हणून उठून जाणारा माणूस. तो अहंकार ओळखायला सोपा आहे, कारण तो दुसऱ्याचा असतो. माझा मला 27 वर्षं कष्टच वाटत आला. घरासाठी झिजते आहे, यात कसला आला अहंकार?

पण शब्द पाहा ना. अहं आणि कार. 'मी' तयार करणारा. सांख्य दर्शन म्हणून आपलं जुनं तत्त्वज्ञान आहे, त्यात जी उतरंड सांगितली आहे तिच्यात बुद्धीतून अहंकार निघतो आणि मन, इंद्रियं त्याच्या नंतर येतात. म्हणजे आधी 'मी' उभा राहतो, मग डोळा काहीतरी पाहतो आणि मनाला ते पाहिजे होतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर सरळच आहे: कामं प्रकृतीच्या गुणांनी होत असतात, आणि अहंकारानं भुललेला माणूस म्हणतो, मी कर्ता. हा श्लोक मी किती वेळा ऐकला असेल. आमच्या बोलण्यात 'कर्ता' हा शब्द रोज येतो, हे मात्र कधी जोडून पाहिलं नव्हतं. घराचा कर्ता पुरुष. कर्ता मुलगा गेला. कायद्यातसुद्धा एकत्र हिंदू कुटुंबाच्या प्रमुखाला कर्ताच म्हणतात. आपण माणसाला किंमतच कर्तेपणाची देतो. करतो तोवर तो आहे.

मुलगी अमरावतीला मानसशास्त्र शिकते. तिला फोनवर हे भाकरीचं सांगितलं, तर हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, आई, विल्यम जेम्स म्हणून एक अमेरिकन होता, त्यानं 1890 मध्येच याचं गणित मांडून ठेवलं आहे. माणसाला स्वतःबद्दल वाटणारा मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. त्यानं स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. मानसशास्त्र कोणाला आपल्यापेक्षा जास्त येतं म्हटलं की त्याला लागायचं, पण आपल्याला ग्रीक भाषा येत नाही याचं काहीच वाटायचं नाही, कारण त्यानं आपली किंमत ग्रीकवर लावलेलीच नव्हती. मला एकदम उजेड पडला. मला गाडी चालवता येत नाही, मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत, सुनेला दोन्ही येतं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. भाकरीचं वाटलं. मी माझी सगळी किंमत त्या परातीवर लावून बसले होते.

इच्छांचंही तसंच. पुतण्याच्या लग्नात सोयऱ्यांकडून आहेर आला तेव्हा थोरल्या जाऊबाईंना आलेली साडी माझ्या साडीपेक्षा भारी होती. पोत हाताला लावून पाहिला मी, सगळ्यांच्या देखत, जणू सहज. घरी आल्यावर माझी साडी ट्रंकेत गेली, ती कधी नेसलेच नाही. सहा महिन्यांनी कापसाचे पैसे आले तेव्हा यवतमाळला जाऊन जाऊबाईंच्या साडीपेक्षा महाग साडी आणली. ती कुठं नेसायची? जिथं जाऊबाई येणार असतील तिथंच. एकदा ऐन वेळी त्या आल्याच नाहीत, तर मला ती साडी दिवसभर जड वाटली. आता विचार करते तर साडी मला आवडली होती का हेच आठवत नाही. रंग आठवतो, मोरपंखी. आवडल्याचं आठवत नाही. जाऊबाईंना यातलं काहीच माहीत नसणार, आणि मी मात्र चार वर्षं त्यांच्याशी तोलून-मापून बोलत होते.

पुरुषांचं वेगळं नाही, फक्त ते चव्हाट्यावर होतं. आमच्या गावात एका पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची जोडी जाणार यावरून दोन घरं अडून बसली. आदल्या दिवशी त्याच बैलांचे खांदे शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणून हात जोडले होते. दुसऱ्या दिवशी ते बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पावसाच्या झडीत दिवेलागणीपर्यंत उभे. अंगावरचा गेरू ओघळून पायांपर्यंत आला होता. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे म्हणून म्हणून थकले. शेवटी अंधारात पोळा फुटला, आणि घरी पुरणपोळी घेऊन थांबलेल्या बायांनी अंधारातच बैल ओवाळले. ज्यांच्या नावाचा सण, त्यांना मानाशी काही देणंघेणं नव्हतं. ते फक्त भिजले.

पण मला खरं लिहायचं आहे ते पुढं.

पीक चांगलं आलं की माणूस छाती काढून चालतो, त्याला आपण गर्विष्ठ म्हणतो. पीक बुडालं की तोच माणूस खाली मान घालून आडवाटेनं घरी येतो, त्याला आपण बिचारा म्हणतो. मला आता ही दोन माणसं वाटत नाहीत. दोघंही म्हणतात, मी केलं. एक म्हणतो मी पिकवलं, दुसरा म्हणतो मी बुडवलं. आमच्या भागातली बहुतेक शेती कोरडवाहू. 2017 ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बोंडं वरून हिरवीगार दिसायची आणि फोडली की आत अळी. ज्यांनी मन लावून फवारलं त्यांचीही गेली. 2024-25 ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं 7,521 रुपये हमीभाव होता, तो आमच्या ह्यांनी ठरवला नव्हता. पाऊस त्यांच्या हातात नाही, भाव त्यांच्या हातात नाही. मुलीच्या त्या गणितात यशाचा आकडा आभाळाच्या आणि बाजाराच्या हातात, आणि अपेक्षेचा आकडा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि सोयऱ्यांच्या तोंडी. मधल्या मध्ये माणूस स्वतःची किंमत काढत बसतो, आणि ती शून्य आली तर खरी मानतो.

मी विदर्भातली आहे. ही किंमत शून्य आली म्हणून काय होतं हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. कर्ज असतं, नापिकी असते, सावकार असतो, हे सगळं खरं आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. माणसाच्या अहंकारावर ढकलून कोणी हात झटकू नयेत. पण मी जवळून पाहिलं आहे, देण्याच्या आकड्याइतकंच माणसाला ते तोंड दाखवणं खातं. "कर्ता असून मी" असं सुरू होणारं वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहतं. दोन हजार रुपये उसने मागायला त्याची जीभ रेटत नाही. मुलीच्या लग्नात मांडव लहान घालू म्हटलं तर त्याला ते मरणासारखं वाटतं. आणि आपण, गाव म्हणून, मांडव लहान दिसला की बोलतोच ना? मीही बोलले आहे. "एवढ्या मोठ्या घरचं लग्न, आन् जेवणात काहीच नाही?" हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. त्याची मला लाज वाटते.

गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले. गावात आले की आधी झाडू घेऊन गाव झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तन. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र गाडग्यात खाल्लं आणि चिंध्या पांघरल्या. पाया पडू द्यायचे नाहीत. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, असं सांगायचे. कामाचा डोंगर उपसला त्या माणसानं, आणि 'मी केलं' हे कुठं चिकटू दिलं नाही. पूर्वी मी त्यांच्याकडं कष्टाचा नमुना म्हणून पाहायची आणि मनात म्हणायची, मीही तशीच झिजते. आता कळतं, मी झाडत होते आणि कोणी पाहतं का ते पाहत होते. माझी मुलगी ज्या विद्यापीठात शिकते त्याला त्यांचंच नाव आहे.

प्लास्टर निघालं. मनगट अजून थंडीत ठणकतं, गाठोडं उचलताना सांभाळावं लागतं. चुलीपाशी मी आता एक वेळ बसते, एक वेळ सून. पहिल्या पहिल्यांदा ती थापायची तेव्हा मी मागं उभी राहून पाहायची. आता उठून बाहेर जाते. सोपं जात नाही.

आमच्या गल्लीत एक भाऊजी आहेत, नाव लिहीत नाही. औंदा पऱ्हाटी पाण्यात उभी राहून मूळ सडलं. महिनाभर ते पानठेल्यावर दिसले नाहीत, कोणाच्या दारात आले नाहीत. सगळे म्हणायचे, जाऊन समजावलं पाहिजे. समजावण्याला माणूस आणखीच लाजतो, म्हणून मी गेलेच नाही. पोराच्या हाती निरोप धाडला, "भाऊजी, आमच्या विळ्याला धार राहिली नाही, तुमच्या हातची पाहिजे." तसं पाहिलं तर त्यांना पुन्हा कर्तेपणच दिलं मी, हे मला समजतं. दुसरं काय द्यायचं ते सुचलं नाही. संध्याकाळी ते विळा घेऊन आले, ओट्यावर टेकले. सुनेनं चहा आणला. विळ्याच्या पात्यावर अंगठा फिरवत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, चहा चांगला झाला."

"सुनेनं केला," मी म्हटलं. या वेळी मला काही लागलं नाही.