स्पर्धा फक्त आमच्याच वाट्याला का?

शेतकऱ्यांनी आणि तरुणांनी स्पर्धेला घाबरू नये, असं एका लेखात म्हटलंय. मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक. आम्ही कधी घाबरलो? उलट आम्हाला स्पर्धा हवीय, कारखान्या-कारखान्यांत. पण आपल्या राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं, केंद्राच्या आदेशात ते १५ आहे. म्हणजे संरक्षण कारखान्याला, आणि जवळ दुसरा कारखाना नसल्यानं ऊसतोड लांबली की वजन आमच्या उसाचं घटतं. कांद्याला जरा भाव मिळायला लागला तर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी! तिथं आम्हाला स्पर्धेत उतरायलाच मनाई.

निवडणूक ही तर राज्यकर्त्यांची स्वतःची स्पर्धा. सांगली-सातारा जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, सांगली महापालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये. या निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात होतं हे मान्य, पण म्हणून वर्षानुवर्षं प्रशासक? गावातल्या कामाचं विचारायला आमचा निवडलेला माणूसच नव्हता.

माझा पुतण्या कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. दर अकरा महिन्यांनी त्याची नोकरी नव्यानं सुरू होते. त्याला कृपा करून स्पर्धा शिकवू नका.