परागीभवन शिकवताना श्प्रेंगेलचं नाव घ्याच

शाळेत परागीभवनाचा धडा असतो, पुंकेसर-स्त्रीकेसरची आकृती काढायची, नावं द्यायची, दोन मार्क. पण हे सगळं शोधायला ज्याने आयुष्य घातलं त्या ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेलचं नाव कुणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

हा माणूस १७५० चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गचा. शिकला धर्मशास्त्र, आणि नोकरी बर्लिनजवळच्या श्पांडाऊला शाळेत मुख्याध्यापकाची. तब्येत बरी नसायची म्हणून हाइम नावाच्या डॉक्टरने त्याला वनस्पतींचा नाद लावला. १७८७ मध्ये रानातल्या जिरॅनियमच्या पाकळीवर खाली बारीक केस दिसले, आता तुम्ही-आम्ही बघून सोडून दिलं असतं, हा विचारात पडला की हे केस कशाला? मग कळलं, आत मकरंद आहे आणि पावसाचं पाणी त्यात जाऊ नये म्हणून ही सोय! पुढच्या वर्षी फर्गेट-मी-नॉटच्या निळ्या फुलातलं पिवळं कडं पाहिलं, ते म्हणजे किड्यांना मकरंदाची वाट दाखवणारी खूण.

मग तो थांबलाच नाही. फायरवीड नावाच्या रानफुलात परागकण आधी तयार होतात आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, नंतर, म्हणजे त्याच फुलाचं परागण त्याच फुलात होऊच नये अशी व्यवस्था, हे त्याने तासन्‌तास फुलापाशी बसून, भुंगे बघून ओळखलं. त्याच्याआधी कोलरॉयटर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानेही किडे पराग नेतात हे पाहिलं होतं, पण फुलाचा रंग, वास, आकार सगळं किड्यासाठी आहे असं इतक्या फुलांवर दाखवणारा हाच. १७९३ ला पुस्तक काढलं, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली २५ पानं चित्रं, शेकडो जाती. आणि विद्वानांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते ऑर्किडचं. काही ऑर्किडमध्ये मकरंद नसतोच, नुसतं दाखवून ती किड्यांना फसवतात असं त्याने लिहिलं. डार्विनसारख्या माणसालाही हे पटलं नाही, किडे इतके मूर्ख कसे असतील म्हणून. पण श्प्रेंगेल बरोबर निघाला!

१७९४ मध्ये त्याला पदावरून काढून तुटपुंज्या पेन्शनवर घरी बसवलं. शाळेकडे त्याचं दुर्लक्ष व्हायचं, वरिष्ठांशी भांडणं होती, ते मी झाकत नाही, मुख्याध्यापक म्हणून तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. पण बर्लिनला जाऊन तो शिकवण्या करत, लोकांना झाडं दाखवायला फिरवत जगला. १८११ मध्ये त्याने मधमाशांवर छोटं पुस्तक लिहिलं की मध-मेण सोडा, माश्या पिकासाठी हव्यात. आज आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत मधपेट्या ठेवतात त्याच्यामागे हाच हिशोब आहे. १८१६ मध्ये गेला. १८४१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनच्या सांगण्यावरून डार्विनने ते जुनं पुस्तक वाचलं तेव्हा कुठे त्याची किंमत कळायला लागली.

बायोलॉजीचे कुणी सर, मॅडम हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे, धडा घ्यायच्या आधी मुलांना एकदा तरी बाहेर जास्वंदीपाशी उभं करा आणि हे नाव सांगा. फुलात कोण येतंय, कुठे बसतंय, निघताना अंगाला काय लागलंय ते त्यांचं त्यांना बघू द्या, आकृती मग फळ्यावर काढा.