तिसरी तासिका, विषय गणित

दरवर्षी १४ जूनच्या रात्री मी चार रंगांच्या स्केचपेनांनी शाळेचे वेळापत्रक आखतो, आणि ते भिंतीवर डकवल्यावर पाहताना ताजमहाल बांधून झाल्यावर शहाजहानला काय वाटले असेल याची मला कल्पना येते. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, पट ६३, शिक्षक चार. मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आहे, कारण माझे केस आधी पांढरे झाले.

परिपाठ मात्र बिनचूक होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, दिनविशेष, सुविचार. सुविचार तीन आठवडे ‘वेळ अमूल्य आहे’ हाच होता, कारण फळ्यावर लिहायला तो सर्वांत छोटा पडतो.

तिसरी तासिका सातवीच्या गणिताची. ती सुरू होण्याच्या सुमारास मोबाइल थरथरतो आणि ‘तात्काळ, आजच, बारा वाजेपर्यंत’ अशी माहिती मागवली जाते, जी आम्ही गेल्या महिन्यात दोनदा दिलेली असते. मग सर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढतात, धाकट्या बाई मतदारयादी घेऊन गावात जातात, आणि थोरल्या बाई एकाच वेळी चार वर्गांकडे पाहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण आमच्याकडे नियमापेक्षा अपवादच अधिक शिस्तीने पाळला जातो.

अशातच एके दिवशी वरून पत्र आले की सहकाऱ्यांचे मनोबल उंचावण्यासाठी उपक्रम राबवून त्याची छायाचित्रे पाच वाजेपर्यंत पाठवावीत. आम्ही कडुनिंबाखाली ओळीने उभे राहून आनंदी चेहरे केले. पहिल्या फोटोत सरांचे डोळे मिटले, दुसऱ्यात बकरी आली, तिसऱ्यात मतदारयादी उलटी धरल्याचे धाकट्या बाईंच्या लक्षात आले आणि आम्ही चौघेही पोट धरून हसलो. तो फोटो हलल्यामुळे पाठवता आला नाही. पाठवला तो बकरीचा.

खरी गंमत पोषण आहाराच्या हिशेबात आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, त्यापुढच्याला १५०. खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकाने ती चाखून चव नोंदवहीत सही करायची असते, आणि या कामासाठी मात्र आमच्यात कधीही ‘तुम्ही जा, तुम्ही जा’ होत नाही. त्या दिवशी फोटोच्या धांदलीत मी उभ्या उभ्या मांडणी केली: ४१ गुणिले १००, अधिक २२ गुणिले १५०, म्हणजे सात किलो चाळीस ग्रॅम. स्वयंपाकाच्या मावशी माप भरू लागल्या, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी, जी खरे तर वर्गात असायला हवी होती, माझ्या कोपराखालून वहीत डोकावून म्हणाली, “सर, चारशे पाहिजे. शून्य राहिला.”

मावशींनी राहिलेला तांदूळ मोजून घातला. मी त्या मुलीला वर्गाबाहेर का आलीस असे विचारणार होतो, पण तोवर तिच्या मागे अख्खी सातवी उभी होती आणि कोणी शंभर ग्रॅमची डाळ ६३ जणांत वाटून पाहत होते. दुसऱ्या दिवशी मी हिरव्या स्केचपेनने वेळापत्रकात तेवढी एक दुरुस्ती केली: तिसरी तासिका, गणित, स्थळ तांदळाची कोठी.