फ्रान्सेसला वगळून सेवर्ड सांगू नका

विल्यम सेवर्ड म्हटलं की लोकांना अलास्का आठवतो. १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला तो प्रदेश घेणारा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री. त्याच्या बायकोचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला हे मनापासून खटकतं. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्या घरात नवऱ्यापेक्षा बायको जास्त ठाम होती, असं माझं मत आहे.

फ्रान्सेस मिलर न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या एका न्यायाधीशाची मुलगी. लग्नानंतरही मुलगी माझ्याच घरी राहील, ही वडिलांची अट. १८२४ साली लग्न झालं आणि सेवर्ड चक्क घरजावई झाला! पुढे तो गव्हर्नर झाला, सिनेटर झाला, वॉशिंग्टनला गेला. तिला ते शहर मानवलं नाही, ती बहुतेक काळ ऑबर्नलाच राहिली.

१८३५ साली दोघं आपल्या लहानग्या मुलाला, फ्रेडरिकला घेऊन व्हर्जिनियात फिरायला गेले होते. एका मुक्कामी त्यांना रडण्याचे आवाज ऐकू आले. दहा पोरं, वयं सहा ते बारा. अंगावर चिंधी नाही. दोघादोघांची मनगटं एकत्र बांधलेली, सगळ्यांना मिळून एक लांब दोर आणि मागे चाबूक घेतलेला माणूस. रिचमंडला विकायला चालवलेली. त्यांना घोड्यांच्या हौदावर पाणी पाजलं आणि एका छपरात नेऊन घातलं. तिथे ती हुंदके देत झोपली. फ्रान्सेसने हे सगळं लिहून ठेवलंय. तिला पुढे जाववेना, सहल अर्धवट टाकून ते परत फिरले.

नंतर ऑबर्नच्या त्याच घराच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळू लागला. नवरा वॉशिंग्टनमध्ये असताना हे धाडस घरी कोण निभावत होतं, हे वेगळं सांगायला नको. १८५९ साली, स्वतः गुलामगिरीतून पळून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनला सेवर्डने ऑबर्नजवळची सात एकर जमीन विकली, ती फ्रान्सेसला वडिलांकडून आलेली होती. टबमन तेव्हा कायद्याने फरारी गुलाम होती, म्हणजे हा व्यवहारच बेकायदा!

आणि १८६१. दक्षिणेकडची राज्यं फुटून निघत होती आणि सेवर्ड सिनेटमध्ये तडजोडीची भाषा बोलला. एरवी गुलामगिरीविरुद्ध कडाडणारा माणूस. देश एकसंध ठेवायची त्याची धडपड मला समजते, पण पटत नाही. फ्रान्सेसलाही पटली नाही. तिने त्याला सरळ कळवलं, जवळजवळ ४० लाख माणसांच्या स्वातंत्र्यापेक्षा संघराज्य टिकवणं मोठं मानणारी तडजोड योग्य असूच शकत नाही. घरातलं माणूस इतक्या स्पष्ट शब्दांत सांगतं तेव्हा किती लागत असेल!

एप्रिल १८६५ मध्ये बग्गीच्या अपघातात सेवर्डचा जबडा मोडला, म्हणून ती वॉशिंग्टनला आली. १४ तारखेच्या रात्री, लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच सुमारास, औषध आणल्याचं सांगून लिंकनच्या मारेकऱ्याचा साथीदार लुईस पॉवेल घरात घुसला. जिन्याजवळ फ्रेडरिकची कवटी फोडली, मग अंथरुणावरच्या सेवर्डवर सुऱ्याने वार केले. मुलगी फॅनी त्याच खोलीत होती. बापलेक वाचले. फ्रान्सेस मात्र २१ जूनला गेली आणि पुढच्या वर्षी फॅनीही, क्षयाने, एकविसाव्या वर्षी.

अलास्काचा करार त्यानंतरचा. त्याआधीचा सेवर्ड, म्हणजे खरा लढणारा सेवर्ड, फ्रान्सेसच्या पत्रांशिवाय कळत नाही. त्याचं १८६१ चं भाषण जिथे जिथे छापतात, तिथे शेजारी तिचं पत्रही छापायला हवं.