९० मीटरची शिडी आणि कुंडीने अडवलेलं दार

टॉवरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक निरोप फिरतोय. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, तेव्हा घोर करू नका. जिन्याची फायर डोअर (आग-धूर अडवणारी दारं) उघडी ठेवा, हवा खेळते. रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत थांबायला राखलेला मोकळा भाग, ही फुकट गेलेली जागा. आणि आग लागलीच तर गच्ची गाठा. आमच्या ग्रुपवर त्याला भराभर अंगठे पडले, म्हणून हे लिहितोय.

शिडी आहे, खोटं नाही. पण ती गाडी उभी राहायला, पाय पसरायला सपाट, भक्कम जागा लागते. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) उंच इमारतीभोवती ४५ टनांची गाडी पेलणारी ६ मीटर मोकळी जागा सांगते. खाली उतरून बघा, त्या ६ मीटरांत कोणाच्या गाड्या लागल्यात ते! शिवाय शिडी एका वेळी एकाच खिडकीला लागणार.

दाराचा सल्ला तर सगळ्यांत घातक. अशा आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळांआधी धुराने जातात, आणि उघड्या दारांचा जिना म्हणजे आयतं धुराडं. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावात आग लागली ती तळाच्या पार्किंगमध्ये. धूर वर चढला, किमान सात जण गेले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ जणांचा जीव गेला. पेटलं होतं मुख्यतः बाहेरचं आवरण, पण घरांची काही दारं आपोआप बंद झाली नाहीत आणि धूर लॉबीत, जिन्यात पसरला, हे चौकशीत पुढे आलं. दार आपोआप मिटवणारा क्लोजर त्यासाठीच असतो. आपण तिथे तुळशीची कुंडी टेकवतो. नव्या टॉवरांत जिन्यात पंख्याने हवेचा दाब ठेवतात, तोही उघड्या दारातून निघून जातो.

रेफ्युज एरिया ज्यांना इतके मजले उतरवत नाहीत त्यांच्यासाठी. माणशी जेमतेम ०.३ चौरस मीटर, म्हणजे उभं राहण्यापुरती. त्यात जुने सोफे ठेवले की हिशेब संपला.

गच्ची? धूरही वरच जातो, आणि कित्येक ठिकाणी गच्चीला कुलूप असतं. जिना स्वच्छ असेल तर खाली उतरा, लिफ्टने नाही. जिन्यात धूर असेल आणि आग आपल्या घरात नसेल, तर दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबा, १०१ ला मजला आणि फ्लॅट नंबर सांगा.

निरोपात नसलेली एक गोष्ट: महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक-रहिवाशांची. यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, ‘ब’ नमुना, दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. गेल्या जुलैत आमच्याकडे तपासणीला आलेल्या माणसाने आगीच्या पंपाची खोली उघडली, तर पंप ऑटोवर नव्हताच. पाइप गळून दाब उतरायचा, त्यामुळे पंप रात्री-अपरात्री आपोआप सुरू व्हायचा. आवाजाची तक्रार आली म्हणून वॉचमनने बंद केला होता. तक्रार करणाऱ्यांत मीही होतो.