‘सरळ एसएमपीएस बदला’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तीस वर्षं हार्डवेअरमध्ये काढलीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री बॉइंक (रिकामा कॉम्प्युटर विज्ञानाच्या गणितांना वापरू देणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवलं की स्क्रीन काळी होते, एवढ्यासाठी इतकं पुराण कशाला? एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) म्हातारा झालाय, बदला, विषय संपला. वायर जळाल्याची गोष्ट ही थाप, कारण तसं असतं तर गेम खेळतानाही डिस्प्ले गेला असता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, हात घालायचा माझा सल्ला घातक. आणि शेवटी, ही विजेची नासाडी हवी कशाला?

रजिस्ट्रीचं आधी बघू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. ती मुदत वाढवून मी १० सेकंद केली होती आणि लोकांनाही तसं करायला सांगितलं. सुरुवातीला स्क्रीन दोन-तीन सेकंद जाऊन परत यायची आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ड्रायव्हर रीसेट झाल्याची ४१०१ नंबरची नोंद पडायची. मुदत वाढवल्यावर नोंदी थांबल्या, मला वाटलं जिंकलो. आठवड्याभराने स्क्रीन गेली ती परत आलीच नाही. गणित खरोखरच लांबलचक असेल तर त्या सेटिंगचा उपयोग होतो. माझ्याकडे त्याने फक्त दुखणं झाकलं. तो परिच्छेद खोडून खाली तसं लिहिलंय.

आता एसएमपीएस. स्क्रीन काळी झाली म्हणजे नेमकं कोण गेलं, हे बघायला तुम्ही ‘पोरखेळ’ म्हणालात तेच खेळ कामी आले. कॅप्स लॉक दाबला, दिवा लागला. गाणं चालूच होतं. म्हणजे मशीन जिवंत. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येऊन दिवा नारिंगी झाला, म्हणजे मॉनिटरही शाबूत. (बॅकलाइट गेला असता तर टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसलं असतं.) आणि कार्डाचे पंखे मात्र पूर्ण वेगाने घोंघावत होते. मेलं ते एकटं कार्ड.

मग आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खायची ती मर्यादा) ७० टक्के केली. रात्रभर काही झालं नाही. परत १०० केली, पाऊण तासात डिस्प्ले गायब. दोष विजेच्या वाटेवर आहे हे तिथेच पक्कं झालं, आणि मीही तुमच्यासारखाच एसएमपीएसवर आलो. मित्राचा ६५० वॅटचा आणून लावला. दोन रात्री झकास.

इथेच थांबलो असतो तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण मित्राचा परत करायचा होता. माझा जुना ४५० वॅटचा पुन्हा जोडायला घेतला, तेव्हा कार्डाच्या आठ पिनांच्या सॉकेटला जाणारा ॲडॅप्टर हातात आला. असेंबल करणाऱ्याने मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या प्लगवरून) कार्डाला सप्लाय दिला होता. मोलेक्समध्ये बारा व्होल्टची तार एकच, ती पिवळी. त्या पिवळ्या तारेच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं, आणि पिन बोटाने हलत होती. मित्राच्या एसएमपीएसला स्वतःची आठ पिनांची वायर होती, त्यामुळे ॲडॅप्टर आपोआप बाजूला पडला होता. गंमत म्हणजे तशीच वायर माझ्याही एसएमपीएसला होती, मदरबोर्डच्या मागे टाय लावून कोंबलेली! ती सोडवून लावली. तोच म्हातारा एसएमपीएस, तेच कार्ड, लिमिट १०० टक्के, आणि चार महिने झाले, स्क्रीन एकदाही गेलेली नाही. तुमच्या सल्ल्याने दुखणं गेलं असतं, हे मान्य. पण धडधाकट एसएमपीएस भंगारात गेला असता.

आणि गेमचा मुद्दा. तो वायरीला लागू असेल तर एसएमपीएसलाही लागू नाही का? माझा गेम म्हणजे जुनं क्रिकेट. त्यात कार्ड ५०-६० वॅटच्या वर जातच नाही, तेवढं बरंचसं मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच भागतं. बॉइंकवर तेच कार्ड तासन्‌तास १२५ वॅटवर असतं. त्यातले ८० वरच्या सॉकेटमधून आले असं धरा, तर बारा व्होल्टला सहा-सात अँपिअर होतात, आणि ते सगळे त्या एका ढिल्या पिनेतून. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे तुम्हाला मी काय सांगणार. आठ पिनांच्या सरळ वायरीत हाच भार बारा व्होल्टच्या तीन तारांवर वाटला जातो.

राहिली विजेची नासाडी. अख्खं मशीन साधारण २०० वॅट खातं, दहा तासांचे दोन युनिट. परवडतं तितकंच चालवतो. बॉइंकवरच्या आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पात २०१० मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमधून एक नवा पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारा, गरगर फिरणारा तारा) सापडला, तो आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या कॉम्प्युटरवर. तशी लॉटरी मला लागेल असं नाही, पण तिकीट काढायची हौस आहे. मे महिन्यात मात्र बंद ठेवतो. खोलीत शेगडी पेटवून वर पंखा लावण्यात अर्थ नाही.